बनशंकरीतली होडी

बनशंकरी, बंगळुरू
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण कालच्या प्रकारानंतर आठही अंगं एका वेळी वाकतील अशी परिस्थिती राहिलेली नाही. जी वाकतात तेवढ्यांचा नमस्कार घे. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? (इतरांना आयुष्यभर वेळच्या वेळी औषध देणाऱ्या बाईनं स्वतःचं औषध विसरावं, हे मला कधी पटलेलं नाही.) शेजारचे अप्पासाहेब अजून रोज सकाळी तुझ्याकडून रक्तदाब मोजून घ्यायला येतात का, आणि चहा येईपर्यंत तो पुन्हा वाढेल या काळजीनं बसून राहतात का? त्यांना नमस्कार सांग. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. खुशाल या शब्दात माझी कंबर, उजवा खांदा आणि शाळेच्या दारातली तुळशीची कुंडी धरलेली नाही.

तू फोनवर विचारलंस की आर्याला मिरजेला कधी आणतोस, आणि खोलीला दिलेला पिवळा रंग तिला चालेल का. दोन्हींचं उत्तर या पत्रात आहे. पण ते शेवटी आहे. तू लहानपणी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग मला भर जेवणात खुनी कोण ते सांगायचीस, ती सवय गेली नसेल तर निदान या एका पत्रापुरती सोड. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस आणि मला जे सांगायचंय ते मधे कोणी बोललं तर सांगता येणार नाही.

मामला किती गंभीर होता हे तुला ठाऊकच आहे. जूनमध्ये आर्याला इथल्या दुसरीत घातलं, आणि पहिल्या आठवड्यापासून पोरगीनं शाळेत तोंड उघडलं नाही. घरी दात घासतानासुद्धा तिची बडबड चालू असते; शाळा सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलते. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ मिटले. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. बाईंनी समजावलं, डॉक्टरांनी घसा बघितला, एका ताईंनी बाहुल्या मांडून तिच्याशी गप्पा मारायचा प्रयत्न केला (बाहुल्यांशी बोलली, ताईंशी नाही). शेवटी तिच्या आईबापानं, अद्वैत आणि सुचेतानं, ठरवलं की दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत बघायचं. तोवर पोरगी शाळेत बोलली नाही, तर तिला मिरजेला तुझ्याकडे ठेवायचं आणि गल्लीतल्या मराठी शाळेत घालायचं. तुला विचारलं तेव्हा अद्वैतचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू हो म्हणालीस, दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावलास आणि खिडकीशी छोटं टेबल मांडलंस. मला कोणी मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला ती जायला नको आहे. मालती गेल्यापासून या घरात माझ्याशी कारणाशिवाय बोलणारं माणूस ती एकच आहे. पण फोनवर तुझा आवाज इतका हलका झालेला ऐकला की मी गप्प बसलो.

आता मी क्रिकेटचा प्रशिक्षक कसा झालो ते ऐक. तू हसशील म्हणून आजवर कळवलं नव्हतं. ऑगस्टमध्ये शाळेचे खेळाचे महांतेश सर पताका लावताना शिडीवरून पडले आणि पायाला प्लास्टर घालून घरी बसले. आर्याला सोडायला रोज मीच जातो. तिथे मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम फाटकाशी उभ्या असतात. (अतिशय सज्जन बाई. कानडी सोडून इंग्रजी बोलतात, तेही माझ्यासाठी सावकाश.) त्यांनी एकदा सहज विचारलं की निवृत्तीपूर्वी आपण काय करत होता. मी खरं ते सांगितलं: पुण्याला कोचिंग डेपोत होतो, सगळी हयात कोचिंगमध्ये गेली. रेल्वे हा शब्द मी उच्चारला नाही, कारण आमच्यात तो कोणी उच्चारत नाही. डबा म्हणजे कोच आणि डब्यांची देखभाल म्हणजे कोचिंग, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, अगदी नव्यांनासुद्धा हाताळलंय का? मी म्हटलं, नवे, जुने, सगळे यायचे. जुने जरा कुरकुरतात, पण वेळच्या वेळी तेलपाणी केलं तर वर्षानुवर्षं धावतात. त्या म्हणाल्या, प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष देत होता? मी म्हटलं, द्यावंच लागतं, वरवर बघून काही कळत नाही, खाली शिरून हातोडीनं ठोकून बघावं लागतं. इथे त्या किंचित दचकल्या, पण पुण्याची पद्धत म्हणून सोडून दिलं असावं. दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात शिट्टी आली, आणि फळ्यावर लिहिलेलं दिसलं की पुण्याचे ज्येष्ठ कोच श्रीरंग सर दर शनिवारी पहिली ते चौथीच्या मुलांना फलंदाजी शिकवतील.

तेव्हाच शिट्टी काढून परत देता आली असती. माझा क्रिकेटशी संबंध म्हणजे डेपोच्या सामन्यात मांडवात बसून धावा लिहायच्या आणि भजी आली की पाळीपाळीनं पोचवायची. पण मॅडम म्हणाल्या की आर्याही तुमच्याच गटात असेल, आणि आर्या माझं बोट धरून उभी होती. तिनं वर बघितलं. काही बोलली नाही, फाटकाच्या आत होती ना. मी शिट्टी ठेवून घेतली.

फलंदाजी हा अतिशय गंभीर विषय आहे, आक्का, हे मला या वयात कळलं. मी मोबाइलवर बघून अभ्यास केला. सुचेताची योगासनांची सतरंजी गुंडाळून हातात धरायची आणि गॅलरीत पवित्रा घ्यायचा, असा रोजचा सराव ठेवला. (समोरच्या गॅलरीतले गृहस्थ दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवसापासून त्यांनी पडदा लावून घेतला.) पहिला धडा बॅट धरण्याचा. सगळे जाणकार सांगतात की जमिनीवरची कुऱ्हाड उचलावी तशी बॅट उचला, म्हणजे दोन्ही हात आपोआप जागेवर येतात. बनशंकरीतल्या दुसरीतल्या मुलानं कुऱ्हाड कुठे बघितली असणार? मी खूप विचार केला आणि फाटकाशेजारच्या शहाळेवाल्याकडे बोट दाखवून म्हटलं, तो कोयता धरतो तशी धरा. मुलांना ते तत्काळ समजलं. इतकं समजलं की तो सगळा तास त्यांनी बॅटनं शहाळी सोलली. एकीनं तर चेंडूचा वरचा भाग छाटल्याचा अभिनय करून त्यात काल्पनिक नळी घालून मला प्यायला दिला, आणि मला प्यावा लागला.

दुसरा धडा उभं राहण्याचा. बाजूला वळून, पाय खांद्याइतके फाकून, गुडघे स्वल्प वाकवून. (स्वल्प हा इथला फार सोयीचा शब्द आहे, थोडंसं या अर्थी. स्वल्प आणि सरी, म्हणजे बरं आहे, एवढ्या दोन शब्दांवर मी इतके महिने काढलेत आणि माझं काही अडलेलं नाही असं मला कालपर्यंत वाटत होतं.) पावलं कुठे ठेवायची ते कळावं म्हणून मी फरशीवर खडूनं पावलांच्या जोड्या काढल्या. मुलांनी त्या बघितल्या, एकमेकांकडे बघितलं, आणि ठिकरी खेळायला सुरुवात केली. तिसरा धडा सरळ बॅटचा. अंगणात सोनचाफा आहे, त्याला इथे संपिगे म्हणतात. त्याच्या फांदीला अद्वैतच्या मोज्यात चेंडू घालून टांगला आणि म्हटलं, एकेकानं यायचं, बॅट मागे न्यायची आणि सरळ पुढे आणायची. पण पोरं बॅट सरळ आणतच नाहीत. आडवी फिरवतात, सतरंजी झटकावी तशी. मोजा फांदीभोवती गोल फिरून वेळोवेळी माझ्या कानशिलावर यायचा. खांद्याचं दुखणं तेव्हापासूनचं. मोजा चुकवताना लचकला.

आणि आर्या दर शनिवारी पायरीवर बसून राहायची. मी तिच्याशेजारी एक बॅट ठेवायचो. ती पायानं ती हलकेच दूर सरकवायची, मला वाईट वाटू नये इतकी हलकेच. बाकी पोरं खिदळत असायची आणि ती बुटाची नाडी सोडायची, बांधायची. माझं सगळं लक्ष तिकडे. एखादा मुलगा बॅट उलटी धरून उभा आहे हेही मला उशिरा दिसायचं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. शिकवताना माझ्या कानावर पोरांचे काही शब्द वारंवार पडायला लागले. कोणी बॅट घेऊन उभं राहिलं की बाकीचे ओरडायचे, होडी! होडी! चेंडू मारून धावायची वेळ आली की एकजण हाक मारायचा, बा! बा! दुसरा मधेच ओरडायचा, तडी! तडी! आणि तिसरा ओरडायचा, वेडा! (आक्का, तुझ्या वॉर्डात अथणी-चिकोडीकडचे रुग्ण असायचे, तेव्हा तू इथेच हसायला लागली असशील. मला तेव्हा माहीत नव्हतं. निदान पुढच्या पानापर्यंत धीर धर.) माझी काय अवस्था झाली असेल बघ. परक्या मुलखात, कानडी शाळेत, लहान लेकरांच्या तोंडी होडी आणि तडी! नाव आणि किनारा! वर बापाला मारलेली हाक, आणि स्वतःला वेडा म्हणवून घेणं! मला वाटलं, जुन्या काळी आपली माणसं इकडे आली, त्यांच्या भजनातले शब्द या मुलांच्या खेळात राहून गेले आणि कोणाला पत्ताच नाही. माझे डोळे भरून आले. अद्वैतला सांगणार होतो, पण म्हटलं, नको, सगळ्यांना एकदम दाखवू.

कारण त्याच वेळी मला युक्ती सुचली होती. सरळ बॅट शिकवायला वल्ह्यासारखी दुसरी वस्तू नाही. वल्हं आडवं फिरवून चालत नाही, पुढून मागे, मागून पुढे, अंगाजवळून न्यावं लागतं. पोरं आपण होऊन होडी मागत होती आणि मी मूर्खासारखा मोज्याच्या मागे लागलो होतो. त्यात मॅडमनी जाहीर केलं की सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी पालकांसमोर मुलं काय शिकली ते दाखवायचं. मी मनाशी कार्यक्रम आखला. सगळी मुलं हातात प्लास्टिकच्या बॅटी घेऊन होडीत बसल्यासारखी एकामागे एक दोन रांगांत बसतील. मी होडी म्हटलं की वल्हवतील, तडी म्हटलं की किनारा आला असं समजून थांबतील. आधी रंगीत तालीम घेतली नाही. उत्स्फूर्तता जाईल असं मला वाटलं.

तो शनिवार म्हणजे काल. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, झाडून सगळे पालक आलेले. अद्वैत आणि सुचेता मागच्या रांगेत, तोंडं उतरलेली, कारण बाई नुकत्याच त्यांना म्हणाल्या होत्या की अजून काही फरक नाही. सुचेतानं तर तुझ्याकडे न्यायच्या कपड्यांची पिशवी घरी भरायलाही घेतली होती. महांतेश सर कुबडी घेऊन पहिल्या रांगेत. आर्या पायरीवर. मी मुलांना दोन रांगांत बसवलं. फार शहाण्यासारखी बसली. मी इंग्रजीत दोन शब्द बोललो, की ही मुलं एक फार जुनी गोष्ट जपत आहेत आणि ती त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. मग रांगांच्या पुढे मी स्वतः जमिनीवर बसलो, कळावं म्हणून बॅटनं दोनदा वल्हवून दाखवलं, आणि खणखणीत आवाजात म्हटलं, होडी!

आक्का, कानडीत होडी म्हणजे मार.

प्रत्येक मुलाच्या हातात बॅट होती आणि प्रत्येकाच्या समोर, बॅटच्या टप्प्यात, पुढच्याची पाठ होती. त्यांनी सरांची आज्ञा पाळली. क्षणभर मुलांना खात्री नव्हती, म्हणून मी उत्तेजन द्यायला पुन्हा ओरडलो, होडी! जोरात होडी! मग मात्र त्यांची खात्री पटली. माझ्या पाठीशी, रांगेत पहिली बसलेल्या भाग्यलक्ष्मीसमोर कोणी मूल नव्हतं, मी होतो. (तिसरीतली पोरगी, पुढचे दोन दात पडलेले, शाळेतली सर्वांत मोठ्या आवाजाची आणि अतिशय आज्ञाधारक. कंबरेचं दुखणं हे तिचं.) प्लास्टिकची बॅट लागत नाही असं दुकानदार सांगतो, तो कधी तिच्यापुढे बसलेला नसावा. अंगणात नुसता पटापट आवाज. पालक उभे राहिले, मॅडमचा हात तोंडावर गेला. मला वाटलं होडी वादळात सापडली, आता किनाऱ्याला लावलेली बरी. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, तडी! तडी!

आणि सगळी मुलं जागच्या जागी थिजली. उगारलेल्या बॅटी हवेत तशाच राहिल्या. तडी म्हणजे थांब, हेही मला नंतर कळलं. त्या क्षणी मी डोळे पुसून पालकांकडे अभिमानानं बघितलं, की बघा, कशी तडीला लागली.

मग हसणं सुरू झालं. आधी मागे कोणीतरी, मग खुर्च्या हलेपर्यंत सगळे. मुलंही हसायला लागली. मला काही उमगेना. मी जमिनीवर, पाय पसरलेले, हातात वल्हं, आणि सबंध अंगण माझ्याकडे बघून हसतंय. आक्का, माझं आजवर कितीतरी वेळा हसू झालं असेल, डेपोत तर रोज, पण परक्या भाषेत आपल्याला हसतायत आणि का ते कळत नाही, ही गोष्ट वेगळी आहे. कान गरम होतात.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. नगबेडी! इतका मोठा की भाग्यलक्ष्मीसुद्धा दचकली. मी वळून बघितलं. आर्या उभी होती, एका बुटाची नाडी सुटलेली, तोंड लालबुंद. नगबेडी! अवरु नम्म ताता! हसू नका, ते आमचे आजोबा आहेत. मग ती अंगणाच्या मधोमध चालत आली आणि कानडीत बोलत सुटली. घरी दात घासताना बोलते ना, तशी. तिनं काय सांगितलं ते मला अर्थात कळलं नाही, एवढंच कळलं की त्यात मराठी हा शब्द होता, आणि ती दोन्ही हातांनी वल्हवून दाखवत होती, न हसता, एखाद्या बाईसारखी. पोरगी सगळी भाषा शिकली होती आणि आतल्या आत ठेवून बसली होती. हसणं कधीच थांबलं होतं. सुचेता खुर्चीवर बसायची ती जमिनीवरच बसली. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला.

महांतेश सर कुबडी टेकत माझ्यापाशी आले. चिकोडीकडचे, मराठी चांगलं येतं त्यांना. म्हणाले, "काका, काय केल्यासा हो हे! होडी म्हंजे मार की वो. आणि तडी म्हंजे थांब. पोरांनी काय चुकीचं केलं नाही बघा." बा म्हणजे ये, आणि मी जो वेडा ऐकत होतो तो बेडा, म्हणजे नको. मी म्हटलं, सरी. दुसरं काय म्हणणार.

एवढ्यावर संपलं नाही. भाग्यलक्ष्मीनं आपली बॅट आर्याच्या हातात दिली आणि चेंडू घेऊन समोर गेली. आर्यानं बॅट धरली ती थेट शहाळेवाल्यासारखी (दोन महिने पायरीवरून सगळे धडे बघत होती तर!), पाय खांद्याइतके, गुडघे स्वल्प वाकलेले. मला म्हणाली, "आजोबा, बाजूला हो." सगळी पोरं ओरडली, होडी! आणि तिनं मारला. बॅट सरळ आली की आडवी ते मी बघितलं नाही, मला नीट दिसत नव्हतं. कुंडी फुटल्याचा आवाज ऐकला. मग ती आणि भाग्यलक्ष्मी बा! बा! करत पळत सुटल्या, आणि कुठे थांबायचं ते मी शिकवायचं राहून गेल्यामुळे फाटकापर्यंत पळाल्या.

अद्वैत आणि सुचेता बाईंशी बोलायला थांबले, मी तिला घेऊन रिक्षात बसलो. तिची बडबड चालू होती, शाळेबद्दल, पहिल्यांदाच. मधेच म्हणाली, "मी पण वल्हवलं होतं." पहिल्या आठवड्यात खेळाच्या तासाला तिच्या हातात बॅट दिली, सगळे होडी होडी ओरडले. तिनं आधी होडी कुठे आहे ते शोधलं. मग तिला वाटलं की खेळच असा असेल, म्हणून खाली बसली आणि वल्हवायला लागली. सगळे हसले. त्या दिवसापासून बोलली नाही. मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही पण हसला असतात." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू तरी सगळ्यांना बसवलंस. मी एकटीच बसले होते." आक्का, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं इतका मी रडलो. तिनं मोबाइलच्या टॉर्चनं माझ्या डोळ्यात काही गेलंय का ते बघितलं.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आर्या मिरजेला येत नाही. अद्वैत तुला फोन करणार होता, मीच म्हटलं, मी लिहितो. पिशवी रिकामी केली. तू पिवळा रंग दिलास, टेबल मांडलंस, गल्लीतल्या शाळेत जाऊन बाईंना भेटून आलीस, हे सगळं मला माहीत आहे. माझ्या घरातला आनंद तुझ्या खोलीतून उचलून आणल्यासारखा वाटतोय, आणि तो परत कसा ठेवायचा ते मला कळत नाही. रागावलीस तर रागाव. पिवळा तिला आवडतो.

गुडघ्याला जप, आणि अप्पासाहेबांना चहा बिनसाखरेचा दे.

तुझा,
श्रीरंग

ता.क. धनलक्ष्मी मॅडमना शेवटी मी कोणते कोच सांभाळत होतो ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, हातोडीचा उलगडा झाला. माझी शिट्टी महांतेश सरांकडे परत गेली आहे. मला मोजा टांगण्याचं काम ठेवलं आहे, ओरडायचं मात्र काहीही नाही.

ता.ता.क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं आणि सगळं लिहून हेच राहिलं. तू इकडे ये. चार दिवसांसाठी म्हणत नाही. आर्याच्या खोलीत खिडकीशी पलंग आहे. तुला कानडी येतं, माझ्यासारखी फजिती होणार नाही, आणि लहानपणी खालून चेंडू टाकून तू मला किती वेळा बाद केलंस ते मी अजून विसरलेलो नाही. इथे टाकायला कोणी नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेहून थेट इथे येते. चाकांवरची बर्थ घेऊ नकोस, मधली घे, हादरे कमी बसतात, एवढं मात्र मी खऱ्या कोचच्या अधिकारानं सांगतो. आणखी एक. मिरजेत तुला सगळे सिस्टर म्हणतात. आक्का म्हणणारं तिथे आता कोणी उरलं नाही, मी इथे पडलोय. इथे भाजीवाली, दूधवाला, बसचा कंडक्टर, सगळे प्रत्येक बाईला अक्का म्हणतात. आल्या आल्या पहिले काही आठवडे मी रस्त्यात दर वेळी मागे वळून बघायचो, तू आलीस की काय म्हणून. अजूनही बघतो.

ता.क. आर्याचा. (शुद्धलेखन मी सुधारलेलं नाही, तिनं सुधारू दिलं नाही.)
आक्काआजी मी शाळेत सांगीतलं की तू येनार. भाग्यलक्ष्मीनी तुला टीम मधे घेतलं. आजोबांना अजून कळत नाही कधी काय म्हणायचं म्हणून मी म्हणते. तडी नको. बेडा नको. बा.